रंगवलेला गंज

लहान प्रमाणातली रेल्वे उभारणाऱ्या कारागिरापुढे कामाच्या ओघात जे प्रश्न येतात ते बहुधा डिंक, तार, प्लास्टर आणि रंग यांच्यापुरतेच असतात. परंतु त्यांतला एक प्रश्न असा आहे की त्याचा पाठपुरावा केल्यास तो ईश्वरविषयक तत्त्वचिंतनातल्या एका जुन्या आणि न सुटलेल्या वादापाशी नेऊन पोचवतो. टेबलावर स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या हाताने आणि कोणत्याही लाभाची अपेक्षा न धरता एक संपूर्ण सृष्टी निर्माण करणारा माणूस त्या सृष्टीत गंज, काजळी, पडकी भिंत आणि वठलेले झाड मुद्दाम, वेळ खर्चून, का घालतो, हा तो प्रश्न होय. त्याला अडवणारे कोणी नसते. इंजिन कारखान्यातून नुकतेच बाहेर पडल्यासारखे चकचकीत ठेवणे त्याच्या हातात असते, नव्हे तेच कमी कष्टाचे असते. तरीही या छंदात मुरलेला माणूस नवे इंजिन पेटीतून काढतो आणि पहिले काम करतो ते त्याची चमक मारण्याचे.

येथे खेळण्यातली आगगाडी आणि मॉडेल रेल्वे यांतला भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. जर्मनीतल्या ग्योपिंगेन येथील मेर्क्लिन या खेळणी बनवणाऱ्या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणारी आगगाडी मांडली, तेव्हापासून रूळ, डबे, सांधे आणि स्थानके एकमेकांना जोडत वाढवता येईल असा संच ही कल्पना रूढ झाली. तो संच मुलांसाठी होता, म्हणून त्यातले इंजिन तांबडे-हिरवे आणि लखलखीत होते. मॉडेल रेल्वे ही त्याच वंशातली असली तरी तिची प्रतिज्ञा वेगळी आहे: खऱ्या वस्तूची सर्व मापे एकाच भाजकाने भागून ती वस्तू पुन्हा उभी करायची आणि तिच्याभोवतीचा मुलूखही त्याच हिशेबाने उभा करायचा. ही भूमी आणि तिच्यावरची रेल्वे मिळून जे काही होते त्याला छांदिष्ट मंडळी ‘लेआउट’ म्हणतात. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे सत्त्याऐंशीस एक. या हिशेबाने एक किलोमीटर लांबीचा मार्ग साडेअकरा मीटरांत बसतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या जगाची कल्पना वेगळी द्यावी लागणार नाही.

‘प्रमाण’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे, कारण संस्कृत शास्त्रपरंपरेत त्याला दोन घरे आहेत. शिल्प आणि चित्र यांच्या शास्त्रात प्रमाण म्हणजे अवयवांच्या मापांचा परस्परसंबंध, तर न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत यशोधराने चित्रकलेची जी सहा अंगे मोजली आहेत त्यांत प्रमाण हे एक आणि सादृश्य हे दुसरे, असा स्पष्ट वेगळेपणा राखला आहे. माप बरोबर आले की साम्य आपोआप येते, असे त्या परंपरेने मानले नाही. आणि हे किती नेमके होते याचा अनुभव लघुरेल्वे बांधणाऱ्याला पहिल्याच इंजिनात येतो.

शंभर टनांचे इंजिन सत्त्याऐंशीस एक या प्रमाणात आणले तर लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही अंगांनी ते घटते, आणि म्हणून वजन सत्त्याऐंशीच्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून मोठ्या संख्येने, भागले जाते. हाती उरते ते सुमारे १५२ ग्रॅमचे इंजिन. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके रुळांवर पकड घेत नाहीत, ती जागच्या जागी गरगरतात. म्हणून आत शिशाचे किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे ओझे भरावे लागते, आणि थांबताना त्याला जडत्व यावे म्हणून मोटारीच्या दांड्यावर एक पितळी गतिचक्र बसवावे लागते. चाकाच्या आतल्या बाजूची जी कड रुळाला धरून ठेवते, ज्याला रेल्वेतले लोक फ्लँज म्हणतात, ती हिशेबाप्रमाणे केली तर मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाएवढी भरेल आणि रुळाच्या जराशा उंचवट्यावर गाडी घसरेल. म्हणून ती जवळजवळ दुप्पट खोल ठेवतात. वळणांची गोष्ट तर याहून वाईट आहे. घरातल्या खोलीत बसणारे नेहमीचे वळण खऱ्या मापांत चाळीस मीटर त्रिज्येचे ठरते, आणि तसले वळण कोणत्याही मुख्य मार्गावरच्या गाडीला घेता येणार नाही.

ब्रिटनमधली ओओ पद्धत हे तर या तडजोडीचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान, त्यामुळे त्या काळच्या विजेच्या मोटारी एचओ प्रमाणातल्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटात मावेनात. तेव्हा इंजिन थोडे फुगवून शहात्तरीस एक केले गेले, पण रूळ मात्र आधीच्याच साडेसोळा मिलिमीटर अंतराचे ठेवले गेले. परिणाम असा की चार फूट साडेआठ इंच अंतराच्या रुळांवर धावणारे इंजिन तेथे चार फूट दीड इंच अंतराच्या रुळांवर धावते, आणि समोरून पाहणाऱ्याला ते गुडघे जुळवून चालणाऱ्या माणसासारखे दिसते. हे सहन न झालेल्या मंडळींनी ईएम आणि पुढे पी-फोर अशा अधिक अचूक पद्धती काढल्या, आणि त्यासाठी प्रत्येक चाक आणि प्रत्येक सांधा स्वतः घडवण्याची शिक्षा आनंदाने पत्करली. बाकी बहुसंख्य लोक ओओवरच सुखी आहेत.

रंगाचीही तीच कथा. खऱ्या इंजिनाचा काळा रंग डबीतून जसाच्या तसा लहान इंजिनाला लावला की ते डांबराच्या ठिपक्यासारखे दिसते, कारण खरे इंजिन आपण पन्नास-शंभर मीटरांवरून, मधल्या हवेच्या पडद्यातून पाहतो, आणि लहान इंजिन मात्र हातभर अंतरावरून. म्हणून जाणता कारागीर काळ्यात राखी मिसळतो. थोडक्यात, वजनात, कडेत, वळणात आणि रंगात खोटे बोलल्याशिवाय हे इंजिन खरे दिसत नाही, आणि कोणते खोटे कितपत चालेल हे ठरवण्यातच या कलेचे पांडित्य सामावलेले आहे.

मग ते इंजिन पाहणाऱ्याला नेमके कोणते ज्ञान होते? नवव्या शतकातला काश्मिरी नैयायिक श्रीशंकुक याने नाटकाविषयी हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचे मत अभिनवगुप्ताच्या अभिनवभारती या टीकेमुळे आपल्यापर्यंत पोचले आहे. रंगमंचावरच्या नटाला राम म्हणून पाहणारा प्रेक्षक त्याला खरोखरच राम समजत नाही, तसेच तो राम नाही असे कळून त्याचा भ्रमनिरासही होत नाही. हा राम आहे की नाही असा संशय त्याला पडत नाही, आणि हा रामासारखा आहे अशी तुलनाही तो करत बसत नाही. यथार्थ ज्ञान, मिथ्या ज्ञान, संशय आणि सादृश्यज्ञान या चारही कोटींच्या बाहेरची ती प्रतीती असते, आणि तिला शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला; म्हणून हा विचार ‘चित्रतुरगन्याय’ या नावाने ओळखला जातो. अभिनवगुप्ताचा गुरू भट्टतौत याने शंकुकाच्या अनुकरणवादाचे खंडन केले, आणि रसविचारात ते खंडनच पुढे मान्य झाले. परंतु लघुरेल्वेपुरते बोलायचे तर शंकुकाचा घोडा अजून धावतो. लेआउटसमोर उभा राहिलेला माणूस दोरीला साप समजणाऱ्यासारखा फसलेला नसतो. ते प्लास्टर आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरी घाटात शिरणारी मालगाडी बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी यायला नेहमीपेक्षा थोडा उशीर झाला तर त्याचा श्वास किंचित अडतो.

ही प्रतीती चकचकीत इंजिनाने का होत नाही आणि मळक्या इंजिनाने का होते, हे समजण्यासाठी मळ चढवण्याचे काम जवळून पाहावे लागते. इंग्रजीतून आलेला ‘वेदरिंग’ हा शब्द या कामासाठी सगळीकडे चालतो. ऊन, पाऊस, धूर आणि वापर यांच्या खुणा वस्तूवर उमटवणे हा त्याचा अर्थ. वाफेच्या इंजिनाचे उदाहरण घेतले तर कारागीर प्रथम जुनी छायाचित्रे समोर ठेवतो आणि प्रत्येक डागाचे कारण शोधतो. बॉयलरच्या माथ्यावर, जेथे जादा वाफ सोडणारी झडप असते, तेथून खाली उतरणारे पांढरट ओघळ हे जड पाण्यातल्या चुन्याचे असतात. धुराड्यामागचा भाग काजळीने मंद काळा पडलेला असतो. चाकांच्या आसपासचा सांगाडा तांबूस-तपकिरी असतो, कारण ब्रेकचे लोखंड झिजून त्याची पूड तेथे बसते. कोळसा ठेवण्याच्या टेंडरच्या कडा रंग उडून उघड्या पडलेल्या असतात. आणि चालकाच्या कक्षाकडे चढताना जी दांडी धरतात ती मात्र स्वच्छ, तेलकट आणि चमकदार असते, कारण रोज कित्येक हात तिच्यावरून फिरतात. हे सगळे पातळ रंगाचे हात, जवळजवळ कोरड्या कुंचल्याचे फटकारे आणि खडूची बारीक पूड यांनी साधले जाते. कारणाशिवाय टाकलेला डाग जाणत्याला लगेच खटकतो. गंज पाण्याच्या वाटेनेच गेला पाहिजे आणि झीज हाताच्या जागीच झाली पाहिजे, हा येथला नियम आहे.

भूमीच्या बाबतीतही तेच. डोंगर म्हणजे जाळीवर किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर प्लास्टरमध्ये भिजवलेले कागद पसरून केलेले कवच. त्यावर साच्यात ओतलेले खडक बसवून पातळ रंग सोडला की तो फटींत उतरतो आणि उंचवट्यांवरून निथळतो. गवतासाठी नायलॉनचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचे तंतू विजेच्या दाबाने भारून ओल्या डिंकावर सोडतात, म्हणजे ते आडवे न पडता उभे राहतात. रुळांखालची खडी कुंचल्याने सारखी करून पाण्यात कालवलेला पांढरा डिंक तीवर थेंबाथेंबाने सोडतात, आणि त्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालतात, नाहीतर पृष्ठताणामुळे डिंक खडीत न मुरता तिच्या गोळ्या करून टाकतो. महाराष्ट्रातल्या मुलांना यातले अर्धे शास्त्र दिवाळीच्या किल्ल्यामुळे ठाऊक असते. पोत्यावर चिखल थापून उभा केलेला तट आणि त्यावर पेरलेले हळीव ही याच कलेची अंगणातली शाखा आहे. फरक एवढाच की हळीव खरोखर उगवतात आणि चार दिवसांत खरोखर सुकून पिवळे पडतात, आणि नायलॉनचे गवत ज्या दिवशी पिवळे करायचे ठरले त्याच दिवशी पिवळे असते.

या फरकाकडे पुन्हा यावे लागेल. आधी लीलेचा प्रश्न.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात असा आक्षेप उपस्थित केला आहे की विचारपूर्वक काम करणारा कोणीही प्रयोजनाशिवाय काम करत नाही. ब्रह्म तर पूर्णकाम, म्हणजे ज्याला मिळवण्यासारखे काही उरलेले नाही असे. मग त्याने जग का निर्माण करावे? याचे उत्तर तेहतिसाव्या सूत्रात दिले आहे आणि ते लोकव्यवहाराकडे बोट दाखवते: जगात जशी निखळ क्रीडा आढळते तशी ही सृष्टी ईश्वराची केवळ लीला आहे. शंकराचार्यांनी भाष्यात सर्व इच्छा तृप्त झालेल्या राजाच्या किंवा अमात्याच्या क्रीडेचा दृष्टान्त दिला आहे, आणि त्याला श्वासोच्छ्वासाचा दुसरा दृष्टान्त जोडला आहे, कारण श्वास हेतू धरून घेतला जात नाही, तो स्वभावतःच चालतो. लघुरेल्वेचा कारागीर पहिल्या दृष्टान्तात चपखल बसतो, असे प्रथमदर्शनी वाटते. त्याला त्या गाडीतून कोठे जायचे नसते आणि तिच्या वाघिणींतून कोणताही माल कोठेही पोचायचा नसतो. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे जॉन ॲलन याने आपल्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगररांगा उभारून जी एचओ रेल्वे बांधली, तिला त्याने दिलेले नाव उच्चारात ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ अशा अर्थाचे ऐकू येई, आणि तिच्या यार्डात डबे ढकलण्याचे काम एम्मा नावाच्या एका प्रागैतिहासिक सरड्याकडे, स्टेगोसॉरसकडे, सोपवलेले होते. लीला हा शब्द याहून चांगल्या रीतीने क्वचितच सार्थ होतो. आणि हाच ॲलन इंजिनांवर आणि इमारतींवर जुनेपणाच्या खुणा चढवण्याच्या कलेचा अमेरिकेतला आद्य आचार्य मानला जातो. खेळकरपणा आणि गंजाविषयीची काटेकोर निष्ठा एकाच माणसात नांदत होती.

परंतु सूत्रकार तेथे थांबत नाही, आणि त्याचे न थांबणे महत्त्वाचे आहे. लगेच पुढचे, चौतिसावे सूत्र वैषम्य आणि नैर्घृण्य या दोन दोषांचा परिहार करायला पुढे येते. वैषम्य म्हणजे पक्षपात: कोणी सुखी, कोणी दुःखी, असे जग करणे. नैर्घृण्य म्हणजे निर्दयता: दुःख देणे आणि शेवटी सर्वांचा संहार करणे. लीला म्हटली की हे दोन आक्षेप अधिकच बोचतात, कारण गरजेपोटी दिलेल्या दुःखाला निदान सबब असते, खेळापोटी दिलेल्या दुःखाला तीही नसते. सूत्राचे उत्तर असे की ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. शंकराचार्य येथे पावसाचा दृष्टान्त देतात, की पाऊस सर्वांना सारखाच पडतो, पण भात आणि जव वेगवेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. आणि पहिले कर्म कोठून आले या शंकेवर पुढच्या सूत्रात संसार अनादि असल्याचे सांगितले आहे.

आता लघुरेल्वेचा दृष्टान्त या दुसऱ्या सूत्रापुढे उभा केला तर काय होते? एका अर्थाने तो आश्चर्य वाटावे इतका पुढे सरकतो. कारागीरही गंज मनमानेल तसा टाकत नाही. तो कारणाची अपेक्षा ठेवतो, ओघळाला झडप लागते आणि झिजेला हात लागतो. त्याच्या सृष्टीतले प्रत्येक वैषम्य कोणत्यातरी पूर्ववृत्ताला धरून असते, आणि हे पूर्ववृत्त पूर्णपणे कल्पित असले तरी ते इतक्या निष्ठेने सांभाळले जाते की त्याला त्या सृष्टीचे कर्म म्हणायला हरकत नसावी. इंग्लंडमधले पाद्री पीटर डेनी यांची बकिंगहॅम रेल्वे हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्या रूपात कधीच अस्तित्वात नसलेल्या एका शाखामार्गाला त्यांनी इतिहास दिला, कंपनी दिली, १९०७ हे वर्ष दिले, आणि मग इंजिनापासून जाहिरातीच्या फलकापर्यंत सर्व काही त्या वर्षाला बांधील ठेवले. घड्याळाबरहुकूम गाड्या चालवायला माणसे कमी पडू लागली तेव्हा त्यांनी एक यंत्र तयार केले आणि त्याला आपल्या मुलाचेच नाव दिले, ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. एका धर्मोपदेशकाने आयुष्यातली दशके या कामाला द्यावीत यात विसंगती पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ते एकटे नव्हते; ब्रिटनमधल्या या छंदाच्या इतिहासात पाद्र्यांची नावे वारंवार भेटतात.

त्या नावांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या विल्बर्ट ऑड्री यांच्याकडे वळले की हा दृष्टान्त कोठे मोडतो तेही दिसू लागते. ऑड्री हे अँग्लिकन पाद्री होते, स्वतः लघुरेल्वे बांधत आणि प्रदर्शनांत मांडत; पण जग त्यांना ओळखते ते १९४५ पासून त्यांनी लिहिलेल्या, चेहरे असलेल्या इंजिनांच्या गोष्टींमुळे. पहिल्याच पुस्तकात हेन्री नावाचे एक इंजिन आहे. पावसाने आपला सुंदर हिरवा रंग आणि तांबडे पट्टे खराब होतील या भीतीने ते बोगद्यातून बाहेर यायला नकार देते, आणि शिक्षा म्हणून रेल्वेचा वरिष्ठ अधिकारी त्याच्यापुढे भिंत बांधून त्याला बोगद्यातच कोंडतो; तेथली काजळी आणि घाण बसून त्याचा रंग खराब व्हायचा तो होतोच. मुलांसाठी लिहिलेल्या या गोष्टीत अपराध आणि दंड यांचे प्रमाण पाहून मोठ्यांनाही अस्वस्थ वाटते. डेनींच्या १९०७ सालच्या इंजिनावरची काजळी पाहून मात्र कोणालाच अस्वस्थ वाटत नाही. दोन्हीकडे काजळी तीच आहे. फरक एवढाच की हेन्रीला चेहरा आहे, म्हणजे त्या काजळीचा भोक्ता तेथे हजर आहे. सांख्य आणि वेदान्त यांत कर्ता आणि भोक्ता हे दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत, कर्ता म्हणजे करणारा आणि भोक्ता म्हणजे फळ अनुभवणारा. लघुरेल्वेच्या सृष्टीत कर्ता आहे, कार्य आहे, नियम आहे, कल्पित कर्मही आहे, पण भोक्ता कोणी नाही. फलाटावर उभी असलेली वीस मिलिमीटरांची माणसे कधीच म्हातारी होत नाहीत, त्यांची गाडी कधी चुकत नाही आणि समोरच्या शेडचे गंजलेले छप्पर कोणाच्याही डोक्यावर गळत नाही.

म्हणून तेहतिसाव्या सूत्रासाठी हा दृष्टान्त जितका उपकारक आहे तितकाच चौतिसाव्यासाठी तो निरुपयोगी आहे, असे म्हणावे लागते. सृष्टी प्रयोजनाशिवाय होऊ शकते आणि तरी ती नियमबद्ध, काटेकोर व प्रेमपूर्वक केलेली असू शकते, हे कारागीर सिद्ध करून दाखवतो. लीला म्हणजे बेपर्वाई नव्हे हे त्याच्या खडूच्या पुडीवरून पटते. पण त्याचा गंज कोणालाही न खुपणारा असतो, आणि ज्या गंजामुळे ईश्वराविषयी प्रश्न निर्माण होतो तो खुपणारा असतो. दुःखाशिवाय जग खरे वाटत नाही, म्हणून ईश्वराने दुःख घातले, अशी जी एक सौंदर्यवादी समजूत अधूनमधून ऐकू येते, तिचा आधार नेमका या ठिकाणी तुटतो: खरे वाटणे ही पाहणाऱ्याची गरज आहे, आणि भोगणाऱ्याची गरज ती नसते.

या तुटण्याचे कारण कारागिराच्या स्थानात आहे. तो टेबलाबाहेर उभा असतो. भारतीय दर्शनांच्या परिभाषेत निमित्तकारण म्हणजे घडवणारा आणि उपादानकारण म्हणजे ज्यापासून वस्तू घडते ते द्रव्य. घटाचे निमित्तकारण कुंभार आणि उपादानकारण माती. न्याय-वैशेषिकांचा ईश्वर निमित्तकारण आहे: परमाणू आधीपासून आहेत, जीवांचे अदृष्ट, म्हणजे त्यांच्या पाप-पुण्याचा साठा, आधीपासून आहे, आणि ईश्वर त्यांची योग्य जुळणी करतो. लघुरेल्वेचा कारागीर हा या ईश्वराचा हुबेहूब लहान नमुना आहे, अगदी मर्यादांसकट. न्यायाच्या ईश्वराला जसे अदृष्ट ओलांडता येत नाही तसे याला गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण ओलांडता येत नाहीत, साबणाच्या थेंबाने त्यांची समजूत काढावी लागते. वेदान्ताला हे पुरेसे वाटले नाही. ब्रह्म हे निमित्त आणि उपादान दोन्ही आहे, अशी त्याची भूमिका. मुंडकोपनिषदात त्यासाठी कोळ्याचा दृष्टान्त आला आहे, जो जाळे विणतो आणि ज्याच्या शरीरातूनच ते निघते. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात जी भूमिका मांडली आणि जिला अभ्यासक चिद्विलासवाद म्हणतात, ती याहून एक पाऊल पुढे जाते: जग हा चैतन्याचाच विलास आहे, झाकणारे अज्ञान म्हणून वेगळी वस्तू नाही, आणि पाहणारा व पाहिले जाणारे या दोघांत त्या एकाच वस्तूचे प्रकटणे आहे. या भूमिकेवरून गंजाचा प्रश्न सुटतो असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु तो निराळा होतो हे निश्चित. खेळणारा खेळाबाहेर नसेल तर निर्दयतेचा आरोप करायला समोर कोणी उरत नाही, कारण गंज चढतो तो त्याच्याच अंगावर. असा कारागीर कल्पिण्यासाठी मात्र टेबलावरचे प्लास्टर, रंग, इंजिन आणि फलाटावरची वीस मिलिमीटरांची माणसे हे सर्व तो स्वतःच झालेला असला पाहिजे, आणि तसा दृष्टान्त कोणत्याही तळघरात सापडत नाही.

मूर्तिपूजेशी या कलेची तुलना करण्याचा मोह होतो. ती थोडक्यात बाजूला सारता येते. पूजेतल्या मूर्तीचे सामर्थ्य साम्यावर अवलंबून नसते. शाळिग्रामाला आणि तांदळ्याला अवयवच नसतात. पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते आणि ठरलेल्या दिवशी विसर्जन होते, म्हणजे त्या द्रव्यात आवाहन आणि निरोप दोन्ही आहेत. लेआउटला आवाहनही नाही आणि विसर्जनही नाही, त्याला फक्त देखभाल आहे.

उलट टिकवून धरणे हाच पुष्कळदा त्याचा हेतू असतो. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडमध्ये आला आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवताने शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत बदलताना आणि नाहीशी होताना त्याने पाहिली. ती जतन करणे हाती नसल्यामुळे त्याने ती शहात्तरीस एक या प्रमाणात मोजून, एकेका घरामागे प्रदीर्घ काळ घालवून, पुन्हा बांधायला घेतली. त्यातून १९५४ साली ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम येथे पेंडन संग्रहालय उभे राहिले. तेथले खोरे १९२०-३० च्या दशकांतले आहे आणि तसेच राहणार आहे. जॉन अहर्न याची मॅडर व्हॅली ही रेल्वे, जिच्यात गाडीइतकेच महत्त्व तिच्या भोवतालच्या गावांना पहिल्यांदा मिळाले असे मानले जाते, तीही त्याच्या मृत्यूनंतर तेथेच ठेवली आहे. पण ज्या घरांच्या भिंतींवर ओल आणि शेवाळ रंगवले आहे त्यांना खरी ओल लागू नये म्हणून संग्रहालयाला सतत राबावे लागते, आणि रंगवलेल्या धुळीवर बसणारी खरी धूळ मऊ कुंचल्याने झाडत राहावे लागते. एकास शहात्तर या प्रमाणातल्या घरावर धूळ मात्र एकास एक या प्रमाणात बसते.

काळाचा भोक्ता लेआउटच्या आत नाही हे खरे, पण लेआउट स्वतः काळातच आहे. दिवाळीचा किल्ला ही गोष्ट लपवत नाही. हळीव सुकले की मुले चिखल मोडून टाकतात. जॉन ॲलन ६ जानेवारी १९७३ रोजी वारला. त्यानंतर दहा दिवसांनी त्याच्या घरात आग लागली आणि त्याने कित्येक वर्षे रंगवलेले डोंगर, पडकी गोदामे आणि काजळलेली इंजिने यांचा बहुतेक भाग त्यात जळून गेला. ॲलन छायाचित्रकार होता, आणि ती रेल्वे आज ओळखली जाते ती मुख्यतः त्याने स्वतः काढून ठेवलेल्या छायाचित्रांवरून.